अल्गोल दोन आहेत हे बघितलं कुणी?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की ययाती या तारकासमूहातला अल्गोल हा तारा दिसतो एक पण आहेत दोन, आणि ते एकमेकांना ग्रहण लावतात. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. बरंच झालं, चवथ होऊन गेली, पाऊस जायच्या वाटेवर आहे, आता आकाश उघडलं की हा तारा संध्याकाळचा वर यायला लागेल, तेव्हा वाचून झालं की लगेच बघताही येईल.

प्रश्न (फोंडा, निवृत्त बँक कर्मचारी): दुर्बिणीतून बघितलं तरी अल्गोल एकच ठिपका दिसतो म्हणतात. मग दोन तारे आहेत हे बघितलं कुणी? मी आयुष्यभर हिशेब तपासले, पावती नसेल तर मी एंट्री मान्य करत नाही. हा पुरावा आहे की नुसता अंदाज?

पावती आहे आणि ती दर दोन दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी नवीन मिळते!

गंमत बाजूला ठेवू. अल्गोलचा उजेड रोज मोजून कागदावर मांडला की काय दिसतं बघा. आडवा वेळ, उभा उजेड. जवळजवळ अडीच दिवस रेषा सरळ सपाट चालते, काही म्हणजे काही होत नाही, आणि मग एकदम उतरायला लागते, पाचेक तास उतरते, तळाला जाते, आणि लगेच पाचेक तासांत परत होती तिथे. तळाला असताना नेहमीच्या उजेडातला साधारण ७० टक्के गेलेला असतो, म्हणजे थोडंथोडकं नाही, साध्या डोळ्यांना कळतं. परत अडीच दिवस सपाट. परत खड्डा. आणि हा खड्डा घड्याळ लावल्यासारखा येतो, पुढच्या महिन्यातला आज सांगता येतो.

आता तुम्हीच हिशेबनीस म्हणून सांगा, बाकी सगळे दिवस खातं बरोबर जुळतं आणि ठराविक वारी ठराविक वेळी तेवढीच रक्कम कमी होऊन परत भरली जाते, तर तुम्ही काय म्हणाल? चोर आहे, आणि त्याची ड्युटी ठरलेली आहे. ढग असता तर वेळ पाळली नसती, ताऱ्याच्या आत काही बिघडत असतं तर मधले अडीच दिवस इतके शांत गेले नसते. काहीतरी फिरतंय आणि दर फेरीला एकदा मधे येतंय.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एका पोराने. जॉन गुडरिक, इंग्लंडमधल्या यॉर्कचा, लहानपणापासून ऐकू न येणारा. अल्गोलचा उजेड बदलतो हे त्याच्याआधी शंभरेक वर्षं इटलीच्या मोंतानारीने नोंदवलं होतं, पण किती दिवसांनी बदलतो हे कुणी धरलं नव्हतं. गुडरिकने १७८२ च्या थंडीत रात्र रात्र खिडकीतून, आजूबाजूच्या ताऱ्यांशी नुसत्या डोळ्यांनी तुलना करत ते धरलं, आणि १७८३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्याचं म्हणणं असं, की एकतर काहीतरी मोठं अंधारं या ताऱ्याभोवती फिरतंय, नाहीतर ताऱ्यावरच डाग आहे आणि तो फिरत समोर येतोय. त्याला कॉप्ली मेडल मिळालं. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी तो गेला. मला या गोष्टीत दर वेळी एक वाटतं, त्याने दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या, एकाच्या प्रेमात पडला नाही, आणि त्या वयात हे सोपं नसतं.

पक्की पावती मिळाली १८८९ मध्ये. जर्मनीतल्या फोगेलने अल्गोलच्या प्रकाशाचा वर्णपट (प्रकाश रंगारंगांत पसरवून मिळणारा पट्टा) काढला आणि त्यातल्या रेषा कधी निळ्याकडे कधी लालकडे सरकताना दिसल्या, म्हणजे तारा कधी आपल्याकडे येतोय कधी लांब जातोय, फायरब्रिगेडची गाडी जवळ येताना आणि लांब जाताना तिचा आवाज बदलतो तसंच हे, फक्त प्रकाशाचं. ग्रहणाच्या आधी तारा लांब जात होता आणि ग्रहणानंतर जवळ येत होता. दुसरं काहीतरी समोरून जातंय आणि हा त्याच्या ओढीने मागून फिरतोय असं असेल तर अगदी हेच व्हायला पाहिजे. डागवाला पर्याय तिथे संपला. आणि आता आपल्या काळात लांब लांब ठेवलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून दोघांना वेगवेगळं बघितलेलंही आहे, पण तोपर्यंत कुणाला शंका उरली नव्हती. म्हणजे मान्य करा आता एंट्री.

प्रश्न (म्हापसा): ग्रहण लावतात ठीक आहे. पण नुसता उजेड कमी झाला यावरून ताऱ्यांचा आकार, तापमान वगैरे सांगतात ते मला फेकाफेकी वाटते. आणि जोडतारे भरपूर असतात म्हणता, मग सगळेच असे मंद का होत नाहीत?

तुम्ही म्हापशाचे, म्हणजे बोडगेश्वराच्या जत्रेत उभं राहूनच सांगते. तिथे ते गोल फिरणाऱ्या घोड्यांचं पाळणं असतं ना, त्याच्या कडेला समोरासमोर दोन दिवे बांधलेत असं धरा. एक लहान पण डोळे दिपवणारा एलईडी. दुसरा मोठा, पिवळट, मिणमिणता आकाशकंदील (त्याच्या आरपार काही दिसत नाही असं धरा, कागद जाड आहे). तुम्ही इतके लांब शेतात उभे की दोन्ही मिळून एकच उजेड दिसतो.

पाळणं फिरतंय. कंदील एलईडीच्या समोर आला की बराचसा उजेड गेला, मोठा खड्डा. अर्ध्या फेरीनंतर एलईडी कंदिलाच्या समोर आला, आता कंदिलाचा तेवढाच तुकडा झाकला, पण कंदील मुळात मंद, तेव्हा उजेड किंचितच कमी, छोटा खड्डा. म्हणजे एका फेरीत दोन खड्डे, एक खोल एक उथळ. इथे लोकांची हमखास गल्लत होते, त्यांना वाटतं मोठा तारा झाकला की मोठा खड्डा. नाही हो. दोन्ही वेळा झाकलेला तुकडा सारख्याच क्षेत्रफळाचा असतो, तेव्हा खोल खड्डा पडतो तो जास्त तापलेला तारा झाकला जातो तेव्हा. दोन खड्ड्यांच्या खोलीची तुलना केली की कुठला किती तापलेला याची तुलना झाली. यात फेकाफेकी कुठे आली?

अल्गोलचं अगदी असंच आहे. एक निळसर पांढरा, तेजस्वी. दुसरा त्याच्यापेक्षा थोडा मोठा पण थंड, नारिंगी. उथळ खड्डा इतका उथळ की डोळ्यांना कळतच नाही, ते यंत्राने मोजावं लागतं.

मग खड्ड्याची रुंदी. अल्गोलचं ग्रहण जवळजवळ १० तास चालतं आणि फेरी साधारण ६९ तासांची, म्हणजे सातवा हिस्सा वेळ झाकाझाकीतच जातो. दिवे लहान आणि पाळणं मोठं असतं तर झाकणं चुटकीसरशी झालं असतं. एवढा वेळ लागतोय म्हणजे तारे त्यांच्यातल्या अंतराच्या मानाने लठ्ठ आहेत, अगदी खेटून फिरतायत. खरंच त्यांच्यातलं अंतर एक कोटी किलोमीटरच्या आत आहे, आपला बुध सूर्यापासून त्याच्या पाचपट-सहापट लांब असतो.

आणि खड्ड्याचा तळ. लहान तारा पूर्ण मागे गेला तर तो बाहेर येईपर्यंत उजेड तेवढाच राहणार, तळ सपाट, आमच्या जुन्या पितळी टोपासारखा. अर्धवटच झाकला तर तळाला थांबणं नाही, गेला की लगेच वर, म्हणजे तळ टोकदार. अल्गोलचा टोकदार आहे, म्हणजे तेजस्वी तारा कधीच पूर्ण लपत नाही.

पण तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे ते मान्य करते. नुसत्या उजेडावरून मिळतात ती प्रमाणं, हा त्याच्या दीडपट, अंतराच्या एवढ्या हिश्श्याचा, वगैरे. खरे किलोमीटर आणि खरी वजनं पाहिजेत तर फोगेलसारखा वेग मोजावाच लागतो. दोन्ही हातात आले की मात्र एवढं पक्कं माप ज्योतिर्विज्ञानात फार कमी ठिकाणी मिळतं. ताऱ्याला तराजूत घालायचा खात्रीचा रस्ता म्हणजे हे जोडतारे.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. तेच पाळणं तुम्ही आल्तिनच्या टेकडीवर चढून वरून बघा. दोन्ही दिवे गोल गोल फिरताना दिसतील पण एकमेकांच्या आड कधीच येणार नाहीत. त्यांची फिरण्याची पातळी आपल्या नजरेच्या रेषेत आली तरच ग्रहण. बाकीचे जोडतारे फिरतायतच, आपण चुकीच्या जागी उभे आहोत एवढंच.

प्रश्न (साखळी, इयत्ता नववी): मॅडम, तारा स्वतःच लहान-मोठा होत असेल तर? मग पण उजेड कमी-जास्त होईल ना?

शाब्बास गे, हा प्रश्न फार मोठ्या लोकांनाही पडला होता. हो, असे तारे आहेत. वृषपर्वा समूहात डेल्टा सेफी नावाचा तारा आहे, तो खरंच फुगतो आणि आकसतो, ५ दिवस ९ तासांनी एकदा. आणि गंमत म्हणजे तोही त्याच गुडरिकने शोधला, १७८४ मध्ये.

दोघांत फरक कसा करायचा तर आलेख बघ. डेल्टा सेफी पटकन उजळतो आणि मग हळूहळू मंदावत जातो, एक बाजू उभी चढण आणि दुसरी लांब उतार, मधे विश्रांती अशी नाहीच. ग्रहणवाल्यात उतरण आणि चढण आरशातल्यासारखी सारखी असते आणि मधे लांब सपाट भाग. शिवाय फुगणारा तारा तापतो-निवतो तसा रंगही सगळा वेळ बदलत राहतो.

आता लगेच खूश होऊ नकोस, कारण फसवणारेही आहेत. सप्तर्षीत डब्ल्यू अर्सी मेजोरिस म्हणून एक जोडी आहे, ती आठ तासांत एक फेरी मारते आणि दोघं इतके चिकटलेत की त्यांचं बाहेरचं आवरण एकच झालंय, शेंगदाण्याच्या टरफलासारखं. तिथे सपाट भाग औषधालाही नाही, वरखाली वरखाली सतत. आणि दोन्ही खड्डे जवळपास सारखेच. असं असलं की एक मोठी चूक होते, बघणाऱ्याला वाटतं चार तासांनी एकच खड्डा परत परत येतोय, म्हणजे फेरी चार तासांची, आणि सगळा हिशेब निम्म्यावर येतो. म्हणून खड्डे मोजताना एकाआड एक खोलीत केसाएवढा तरी फरक आहे का बघायचं.

प्रश्न (मडगाव): व्हॉट्सॲपवर आलंय की अल्गोल म्हणजे राक्षसाचा तारा, अतिशय अशुभ. खरं का?

नाव खरं आहे. अरबीतल्या रास अल-घूल म्हणजे घूल या भुताचं डोकं, त्यावरून अल्गोल. ग्रीक लोकांनी तिथे पर्सियसच्या हातात मेड्युसाचं कापलेलं मुंडकं कल्पिलं होतं. आपण मात्र त्याच ताऱ्यांत ययाती बघतो, आणि शेजारी देवयानी, शर्मिष्ठा, म्हणजे भुताऐवजी घरातलं भांडण. अशुभबिशुभ काही नाही, फॉरवर्ड करू नका.

प्रश्न (डिचोली, कॉलेजात फिजिक्स शिकवतात): वजनदार तारा लवकर म्हातारा होतो असं आपण शिकवतो. अल्गोलमध्ये मात्र हलका तारा म्हातारा आणि जड तारा तरुण आहे. मुलांनी विचारलं तर काय सांगायचं?

सर, सांगायचं की एकाने दुसऱ्याला आपली इस्टेट दिली. तेजस्वी तारा सूर्याच्या साधारण तिप्पट वजनाचा, आणि फुगलेला थंड तारा सूर्याच्या पाऊण वजनाचा सुद्धा नाही. दोघं एकत्र जन्मले तर हे उलटं कसं, यावर खरंच बराच काळ डोकी खाजवली गेली, अल्गोलचा पेच असं नावच पडलं. उत्तर असं निघालं की आजचा हलका तारा पूर्वी जड होता, तो आधी म्हातारा झाला, फुगला, आणि इतका फुगला की त्याचं बाहेरचं वस्तुमान दुसऱ्याच्या ओढीत जाऊन तिकडे वाहायला लागलं. हे वाहणं आजही चालू असलेले तारे सापडतात. स्वरमंडलातला बीटा लायरी, फेरी जवळजवळ १३ दिवसांची, आणि ती फेरी दर वर्षी १९ सेकंदांनी लांबत चालली आहे, कारण वस्तुमान इकडून तिकडे सरकतंय. नुसते खड्डे कधी पडतात याची घड्याळ लावून नोंद ठेवल्याने हे कळतं, मुलांना हे जरूर सांगा, महागडं काही लागत नाही.

प्रश्न (वास्को): हीच आयडिया ग्रह शोधायला वापरतात ना? मग फरक काय?

हीच. फक्त खड्डा फार उथळ. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर उजेड साधारण एक टक्का कमी होतो, पृथ्वी गेली तर शंभरातला एक सोडा, दहा हजारांतला एकही भाग जात नाही. आणि इथे आपले जोडतारे विघ्न घालतात. मागे लांब कुठेतरी ग्रहणवाली जोडी असेल आणि तिचा उजेड पुढच्या ताऱ्यात मिसळला असेल, तर तिचा खोल खड्डा पातळ होऊन ग्रहासारखाच दिसतो. केप्लर या अवकाशातल्या दुर्बिणीने ग्रह शोधले तेव्हा ही गाळणी सतत लावावी लागली. पण त्याच केप्लरला हजारोंनी जोडतारेही मिळाले, आणि २०११ मध्ये तर केप्लर-१६ मध्ये असा ग्रह सापडला जो एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या दोन ताऱ्यांभोवती फिरतो. तिथे रोज दोन सूर्यास्त!

प्रश्न (पेडणे): आम्हाला घरून दिसेल का? दुर्बीण नाही. कसं बघायचं ते नीट सांगा.

पेडण्याला तर मस्त दिसेल, किनाऱ्यावरच्या शॅकचे दिवे टाळून जरा आतल्या बाजूला बसा. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करा. शर्मिष्ठेच्या ताऱ्यांचा इंग्रजी एम सापडला की तिथून कृत्तिकांच्या पुंजक्याकडे नजर न्या, वाटेत ययाती. त्यातला सगळ्यात तेजस्वी मिरफाक, आणि देवयानीच्या टोकाचा अल्माक, या दोघांबरोबर त्रिकोण करतो तो अल्गोल. आपल्याकडून तो चांगला उंच येतो, झाडांच्या वर.

रोजचा अल्गोल अल्माकएवढाच दिसतो, दोघांची प्रत, म्हणजे तेजाचं माप, २.१. (प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद, हे उलटं आहे, सवय करा.) ग्रहणात तो ३.४ पर्यंत उतरतो. तुलनेला ययातीतलेच दोन तारे घ्या, एप्सिलॉन २.९ आणि डेल्टा ३.० (ही तारानकाशातली ग्रीक अक्षरांची नावं), आणि तळासाठी शेजारच्या त्रिकोण समूहातला अल्फा, ३.४. अल्गोल यातल्या कुणाच्या वर, कुणाच्या खाली, एवढंच दर अर्ध्या तासाने वहीत लिहायचं. वेळ लिहायला विसरू नका, वेळ नसलेली नोंद म्हणजे तारीख नसलेला चेक.

एक सावधगिरी, माझ्याच फजितीतून. मी पहिल्या वर्षी अल्गोलच्या अगदी शेजारचा ऱ्हो पर्सेई तुलनेला घेतला, जवळ आहे, सोयीचा आहे म्हणून. महिनाभर माझे आकडे काही केल्या जुळेनात. मग कळलं की तो बाबा स्वतःच बदलता तारा आहे, ३.३ ते ४.० मधे कुठेही असतो. मापायला घेतलेली फूटपट्टीच रबराची! तो अजिबात घेऊ नका.

ग्रहण कधी आहे ते नेटवर अल्गोल मिनिमा (म्हणजे तळाच्या वेळा) शोधलं की मिळतं. वेळ बहुतेक ग्रीनिचची दिलेली असते, त्यात साडेपाच तास मिळवा. एक वेळ हातात आली की पुढचं तोंडी करता येतं, तीन दिवसांनी तीन तास अकरा मिनिटं आधी. म्हणजे समजा आज रात्री १ वाजता तळ, तर तीन दिवसांनी रात्री ९ वाजून ४९ मिनिटांनी, आणि आणखी तीन दिवसांनी संध्याकाळी पावणेसातच्या आधीच, तेव्हा तो अंधार पडतानाच मंद दिसेल आणि रात्र चढेल तसा उजळत जाईल. मग दोनेक आठवडे संध्याकाळचं काहीच नाही, तळ दिवसा किंवा पहाटे. साधारण तीन आठवड्यांनी परत पाळी येते. नऊ-दहाच्या सुमाराचा तळ धरा, म्हणजे उतरणं आणि चढणं दोन्ही बघून मध्यरात्रीनंतर झोपता येईल.

एकट्याने बघायचा कंटाळा असेल तर पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमीच्या लोकांनी वर्षानुवर्षं लोकांना आकाश दाखवलंय, त्यांच्याकडे यंदा कुठे काय आहे ते विचारा. आणि ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी ब्रह्महृदय या तेजस्वी ताऱ्याच्या शेजारी एप्सिलॉन ऑरिगी हा तारा आहे, २७ वर्षांनी एकदा ग्रहण, आणि ते चालतं जवळजवळ दोन वर्षं, कारण समोरून तारा एकटा जात नाही, त्याच्याभोवतीची धुळीची मोठी थाळी जाते. मागचं २००९ ते २०११ मध्ये झालं, आमच्या घराच्या बाल्कांवात बसून मी त्यातलं थोडं बघितलंय. पुढचं २०३६ मध्ये सुरू होईल. साखळीच्या नववीतल्या मुलीने त्याची वही घालावी, मी तेव्हा चष्मा शोधत असेन.